वाई परिसरात सकाळी धावण्यासाठी मार्ग सुचवावेत

प्रश्न : नवा वाईकर

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने जूनमध्ये पुण्याहून वाईला राहायला आलो. पुण्यात चार वर्षे तळजाई टेकडीवर धावत असल्यामुळे पायाखाली माती आणि डोक्यावर झाडे असण्याची सवय लागली आहे. इथे आल्यापासून मात्र एका मैदानाला चकरा मारतो आहे आणि रोज एकाच बाजूला वळून वळून डावा गुडघा कुरकुर करू लागला आहे. आठवड्यातून चार दिवस 6 ते 8 किलोमीटर आणि रविवारी 14-15 किलोमीटर धावता येईल असे मार्ग हवे आहेत. महामार्गाकडे जाणारा रस्ता एकदा करून पाहिला. गाड्यांचा वेग पाहता तिकडे पुन्हा जाण्याची इच्छा नाही. शक्यतो मातीचा रस्ता, थोडी सावली आणि कुत्र्यांचा त्रास कमी, एवढीच अपेक्षा आहे.

उत्तर 1 : घाटावरचा

वाईत तळजाईसारखी सलग झाडी मिळणार नाही, पण नदी आहे, आणि सकाळी सहाच्या आत बाहेर पडलात तर नदीकाठच्या मेणवलीच्या रस्त्यासारखी दुसरी बाग नाही. गणपती घाटावरून निघून मेणवलीपर्यंत तीन-साडेतीन किलोमीटर होतात, म्हणजे जाऊन-येऊन तुमचा रोजचा हिशेब पुरा. रस्ता डांबरी आहे खरा, पण बराचसा सपाट आहे. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाटाच्या पायऱ्या आहेत आणि मेणेश्वराजवळ ती मोठी घंटा आहे, जी चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर इकडे आली असे सांगतात. मी तिथे पाच मिनिटे बसतो आणि मग परत फिरतो. साठी उलटल्यावर एवढी सवलत घ्यायला हरकत नसावी.

रविवारी हाच रस्ता पुढे धोमपर्यंत नेता येतो. एकेरी आठ-नऊ किलोमीटर होतात; धरणाच्या बाजूला शेवटी थोडा चढ आहे. 15 किलोमीटर हवे असतील तर धोमच्या जरा अलीकडून वळा. पूर्ण गेलात तर नरसिंह मंदिराच्या आवारातला कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी पाहून या.

मातीसाठी म्हणाल तर धोम धरणाच्या कालव्यांच्या कडेने देखभालीचे रस्ते आहेत. मुरूम टाकलेला असेल तिथे धावायला त्यांच्यासारखी जागा नाही, कारण चढ-उतार जवळजवळ नसतो आणि गुडघ्याला आराम मिळतो. परंतु एक अट आहे : पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस तिकडे फिरकू नका. आपली काळी माती ओली झाली की बुटाच्या तळाला थर चढत जातात, शंभर पावलांत एकेक बूट विटेएवढा जड होतो, आणि तो झटकायला थांबलात की दुसरा पाय घसरतो. आवर्तन (शेतीसाठी कालव्यात सोडलेली पाण्याची पाळी) सुटलेले असेल तेव्हा कालव्याच्या अगदी काठाने धावू नका. पाणी वरून संथ दिसते, तसे ते नसते.

उत्तर 2 : बावधनची लेक

काकांनी मार्ग अचूक सांगितले आहेत. माझ्या अनुभवाप्रमाणे मात्र इथे मार्ग निवडण्याआधी महिना पाहावा लागतो, कारण एकच रस्ता जुलैत वेगळा, डिसेंबरात वेगळा आणि एप्रिलमध्ये आणखी वेगळा असतो.

कारखान्यांचे गाळप सुरू झाले की दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत पहाटेच्या अंधारात उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागचे दिवे नसतात आणि बाहेर आलेल्या उसाची टोके हातभर रस्त्यावर लोंबत असतात. त्या दिवसांत उजाडल्याशिवाय डांबरी रस्त्यावर जाऊ नये, समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने धावावे आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचा बिनबाह्यांचा कोट असावा. कानात गाणी लावून धावणे तर मी पूर्णच बंद केले आहे. याच काळात गवत वाळून कुसळे होतात. बांधाच्या वाटेने आलात की घरी येऊन अर्धा तास मोज्यांतून एकेक कुसळ उपटत बसावे लागते, आणि जे राहून जाते ते पुढच्या वेळी बरोबर घोट्याला टोचते.

कुत्र्यांबद्दल सांगते. वस्तीवरची कुत्री राखणीची असतात. त्यांना तुमचा राग नसतो, तुमचे पळणे खटकते. त्यामुळे वस्ती येण्याआधी पन्नास पावले चालायला लागावे, कुत्र्याच्या डोळ्यांत पाहू नये, आणि घरातले माणूस दिसले तर मोठ्याने रामराम घालावा. मालकाने उत्तर दिले की कुत्रे बहुधा शांत होते. आठवडाभर एकाच वेळी गेलात की ओळखही होते. एवढे करूनही मागच्या वर्षी एका वस्तीवर मला पोटरीला चावा बसला. अशा वेळी हळद किंवा चुना लावत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. मी सरकारी दवाखान्यात सगळ्या मात्रा पूर्ण केल्या. पाळलेले कुत्रे आहे म्हणून लस टाळू नका.

बायकांसाठी वेगळे सांगायचे तर, मी एकटी असताना दोन्ही बाजूंनी उंच ऊस असलेली वाट टाळते. बिबट्याची भीती आहेच, पण मुख्य म्हणजे तिथून हाक कुणाला ऐकू जात नाही. आम्ही तिघी मिळून बावधनच्या रस्त्याने सोनजाईच्या पायथ्यापर्यंत धावतो. फक्त रंगपंचमीला बावधनच्या बगाडाची (नवस फेडण्याच्या यात्रेची) गर्दी असते, त्या दिवशी तिकडे धावण्याचा विचारही करू नका; बगाड पाहायला जरूर या.

उत्तर 3 : पसरणीचा चढ

वरच्या दोघांनी सपाटीचे सांगितले, मी चढाचे सांगतो. वाईतून पसरणी घाटाने पाचगणी सुमारे बारा किलोमीटर आहे आणि तेवढ्यात पाचशे मीटरांहून अधिक चढ आहे. शनिवार-रविवारी पर्यटकांची वाहने फार असल्यामुळे हा घाट फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी, तोही उजाडताच करावा. माझी पद्धत अशी की वर धावत जायचे आणि खाली एसटीने यायचे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलतात. त्याचा ठणका लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतो. तुमचा गुडघा आधीच कुरकुरतो आहे, तेव्हा निदान दोन महिने उताराच्या वाटेला जाऊ नका.

पाचगणीचे टेबललँड मात्र अवश्य करा. तिथे वाहने नाहीत, घोडेवाले यायच्या आत पठार जवळजवळ रिकामे असते आणि कडेवरून कृष्णेचे खोरे दिसते. पण ते हिरवे पठार म्हणजे मऊ मैदान असा समज करून घेऊ नका. गवताखाली जांभा दगड आहे, जवळजवळ डांबराइतका कठीण, आणि त्यात पावसाचे पाणी साचणारे खळगे आहेत. ऑगस्टमध्ये शेवाळलेल्या जांभ्यावरून मी असा घसरलो की तळहाताची साल गेली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला काळ.

पुढे उत्साह वाटला तर साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचा विचार करा. ती 2012 पासून होते आणि यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याने जाऊन परत येते. पसरणी ज्याला जमली त्याला यवतेश्वर जड जात नाही. कासला सरावासाठी गेलात तर रस्त्यावरच धावा. पठारावरच्या मातीचा थर अगदी पातळ आहे, आणि त्यावरची फुले बुटाखाली गेली की गेलीच.

नवा वाईकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आज पहाटे मेणवलीला जाऊन आलो, बरोबर सात किलोमीटर भरले. वाटेत एका वस्तीवर ताईंनी सांगितल्याप्रमाणे चालत गेलो आणि रामराम घातला. आजोबांनी उत्तर दिले, कुत्र्याने मात्र अजून मनावर घेतलेले नाही. एक शंका आहे : कालव्याच्या रस्त्यावर चढायला मेणवलीच्या बाजूने सोयीचे की बावधनच्या?

घाटावरचा

बावधनच्या. रविवारी साडेपाचला गणपती घाटावर या, मी दाखवतो. शनिवारी रात्री पाऊस झाला तर मात्र येऊ नका, मीही येणार नाही.