मायलिनचा आजार असलेल्या उंदरांची थायरॉइड कशाला बघायची?

पेशीवेडा: जिम्पी, शिव्हरर, क्वेकिंग या जातींच्या उंदरांत चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टन नीट चढतच नाही. अभ्यासक मेंदू कापतात आणि थांबतात. माझ्या मते थायरॉइडही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जायलाच हवी. थायरॉइडचं संप्रेरक टी३ कमी पडलं की मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी वेळेवर पक्व होत नाहीत. एमबीपी या मायलिन-प्रथिनाच्या जनुकावर तर या संप्रेरकाच्या ग्राहीला बसायला जागाच आहे.

रोखठोक: साफ असहमत. जिम्पीत बिघाड पीएलपी१ जनुकात. शिव्हररमध्ये एमबीपी जनुकाचा मोठा भागच गळालेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय जिम्पी पिल्लू थरथरतं, झटके येतात, वाढ खुंटते, साधारण महिन्याभरात मरतं. उपासमारीनेही टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, उतरतं. मग पुटकांच्या (थायरॉइडमधल्या बारीक पिशव्यांच्या) पेशी चपट्या आणि आत कोलॉइड, म्हणजे संप्रेरकाचा साठवलेला द्रव, साचलेलं दिसलं, तर ते मायलिनच्या खात्यावर कसं मांडणार?

पेशीवेडा: चपट्या पेशींचं मान्य. पण उलटं दिसलं तर? पेशी उंच, कोलॉइड आटलेलं, आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्याच्या) पोकळ्या फुगलेल्या? कॉग नावाच्या उंदरात थायरोग्लोब्युलिनची, म्हणजे ज्यापासून थायरॉइडची संप्रेरकं बनतात त्या प्रथिनाची, घडी नीट पडत नाही, ते तिथेच अडकून जालिका फुगते. ते काही उपासमारीचं चित्र नव्हे. म्हणूनच म्हणतो, आधी बघा तरी!

तिऱ्हाईत: क्वेकिंगचं नाव निघालंय म्हणून मध्ये पडतो. त्या उंदरात १७व्या गुणसूत्राचा लांब तुकडाच उडालाय. क्यूकेआय जनुकाचं नियंत्रण बिघडलं, सोबत पार्किन आणि पीएसीआरजी ही जनुकंही गेली. नर वांझ असतात ते पीएसीआरजीमुळे. मायलिनचा त्यात हात नाही. उद्या थायरॉइडमध्ये काही सापडलं, तर कोणत्या जनुकाला धरणार?

पेशीवेडा: मग क्वेकिंग सोडा, शिव्हरर घ्या. तिथे एकच जनुक.

रोखठोक: घ्या की. पण तुलनेला त्याच वेतातली निरोगी भावंडं, तीही अन्न मोजून वजन जुळवलेली. सोबत रक्तातलं टीएसएच आणि टी४ हे थायरॉइडचं दुसरं संप्रेरकही मोजा. (नुसते सुंदर फोटो छापायची हौस फार झालीये.)

पेशीवेडा: वजनाची अट मंजूर. पण मग मेंदूवाल्यांनाही हीच अट लावा. कुपोषणाने मायलिनही कमी पडतं.