सी कोड रिव्ह्यूत न तपासता सुटलेल्या रिटर्न व्हॅल्यू (फंक्शनने परत दिलेलं उत्तर) कशा पकडता? (बजेट शून्य)

ठिबकवाला_जळगाव: ठिबकच्या कंट्रोलरचं फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) आहे, सीमध्ये, कंपायलर जीसीसी. रिव्ह्यूला आम्ही दोघंच. ईईप्रॉम_राइट() (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत लिहिणारं फंक्शन) एरर देतं, पण कॉल करणारा कोड बघतच नाही. मग लाईट जाऊन आली की व्हॉल्व्हचं टायमिंग जुनंच. फुकटातलं काही सुचवा.

रावेरकर: डोळे झाकून कव्हरिटी घ्या, कोड तपासणारं विकतचं टूल. आमच्या पुण्याच्या ऑफिसात तेच आहे. एखाद्या फंक्शनची व्हॅल्यू बहुतेक ठिकाणी तपासलेली असली की नेमक्या सुटलेल्या जागा दाखवतं.

ठिबकवाला_जळगाव: भाऊ, बजेट शून्य लिहिलंय वर.

शेवभाजी_स्पेशल: काय भो, जीसीसीतच आहे ना. हेडरमध्ये डिक्लरेशनला वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट अ‍ॅट्रिब्यूट लावा. व्हॅल्यू कुणी टाकून दिली की वॉर्निंग आपोआप येते. तिचं एरर करून टाका, बिल्डच अडेल.

तापीकाठ: मिस्रा सी २०१२ (सी कोडची सुरक्षा नियमावली), नियम १७.७ वाचा. व्हॅल्यू वापरायची, नको असेल तर कॉलच्या पुढे (व्हॉइड) लावायचं, म्हणजे मुद्दाम टाकली हे कळतं. गाड्यांच्या कामात याशिवाय कोड पुढे सरकत नाही आमच्याकडे.

शेवभाजी_स्पेशल: त्या अ‍ॅट्रिब्यूटपुढे जीसीसी (व्हॉइड)ला जुमानत नाही, वॉर्निंग येतेच. क्लँग, तो दुसरा कंपायलर, गप्प बसतो.

तापीकाठ: मग सी२३ चं (सीची नवी आवृत्ती) नोडिस्कार्ड लावा, तसलंच अ‍ॅट्रिब्यूट आहे. त्याला (व्हॉइड) चालतं.

शेवभाजी_स्पेशल: कंट्रोलरच्या टूलचेनला (कंपायलर वगैरे) सी२३ कळणार? बरं.

धुळे_१८: आमच्याकडे एकाने प्रिंटएफची (मजकूर छापणारं साधं फंक्शन) व्हॅल्यूसुद्धा तपासायला लावली. अख्खा रिव्ह्यू त्यातच गेला.

चाळीसगाव_जंक्शन: अ‍ॅट्रिब्यूटच लावा. आणि एफक्लोजची (फाइल बंद करणारं फंक्शन) व्हॅल्यू विसरू नका, बफरमधला उरलेला माल तेव्हा डिस्कवर लिहायला ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. लिनक्सवर /डेव्ह/फुल (कायम भरलेली दिसणारी खोटी फाइल) वर लिहून पाहा, जागा संपल्याची एरर मिळते.

धुळे_१८: ठिबकच्या डब्यात डिस्क कुठून आली?

भुसावळ_लोको: अ‍ॅट्रिब्यूटवर फार विसंबू नका. आरसी नावाच्या व्हेरिएबलमध्ये आरसी = ईईप्रॉम_राइट(...) लिहिलं आणि पुढच्याच ओळीत त्याच आरसीत मोडेमचं उत्तर भरलं, तर जीसीसीच्या लेखी पहिली व्हॅल्यू वापरली गेली. खाली एकच इफ, तोही मोडेमचा. क्लँगचा स्कॅन-बिल्ड (कोड तपासणारं टूल) असे वाया गेलेले स्टोअर, म्हणजे भरून कधीच न वाचलेल्या व्हॅल्यू, दाखवतो. फुकट आहे.

रावेरकर: कव्हरिटीत हे पण येतं.

ठिबकवाला_जळगाव: स्कॅन-बिल्ड रात्रीच्या बिल्डला लावतो. पण ईईप्रॉम_राइट व्हॉइडच करतोय, म्हणजे ते काही परत देणारच नाही. आतच लिहून परत वाचेल, जुळलं नाही तर पुन्हा प्रयत्न, तरी नाही तर व्हॉल्व्ह बंद आणि लाल दिवा. कॉल करणाऱ्याच्या हातात काही ठेवतच नाही.

तापीकाठ: डिझाइन चुकतंय. एरर लपवू नये.

शेवभाजी_स्पेशल: ४४ डिग्रीत केळीचा व्हॉल्व्ह बंद ठेवणार? शेतकरी दिवा बघायला येईल, पण हातात विळा घेऊन.

ठिबकवाला_जळगाव: मॅन्युअल चावी आहे भो डब्यावर.