पाळी १२ दिवस चालते, गोळी थांबवली की परत तेच. पिशवी काढायचीच का? (मदत हवी आहे)

लांबलचक लिहितेय, आधीच सॉरी. वय ४३, दोन मुलं, आता मूल नकोय. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पाळी पाच दिवसात आटपायची. मग सात झाले, मग नऊ, आता १२ दिवस चालते आणि त्यातले पहिले चार तर असे की दर तासा-दीड तासाला पॅड बदलायचं, रात्री दोनदा उठायचं तरी चादर खराब होतेच. सुपारीएवढ्या गाठी पडतात. खुर्चीवरून उठलं की आधी मागे वळून बघायची सवय लागलीय, ते चार दिवस काळ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावत नाही.

वर्षभर अंगावर काढलं. ज्याला त्याला विचारलं की एकच उत्तर, पाळी जाताना असंच होतं. मग एकदा जिना चढताना धाप लागली, डोळ्यापुढे अंधारी आली, तेव्हा रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२.

सोनोग्राफीत एक फायब्रॉइड (कॅन्सरची नसलेली गाठ) निघाला, अडीच सेमीचा, गर्भाशयाच्या भिंतीत. गर्भाशयाचं आतलं अस्तर ११ मिमी. थायरॉइड नॉर्मल. डॉक्टरांनी नॉरएथिस्टेरॉन ही हार्मोनची गोळी दिली, ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा, १० दिवस. दोन दिवसात थांबलं, म्हटलं सुटले. कोर्स संपला आणि तिसऱ्या दिवशी असा धबधबा की विचारू नका. परत गेले, परत तीच गोळी, परत तेच. असं तीनदा झालं. चौथ्यांदा म्हणाल्या, मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका. दोन मिनिटात विषय संपला, जशी काही खुंटीवरची जुनी पिशवीच आहे.

दुसऱ्या डॉक्टर म्हणतात आधी अस्तराचा तुकडा तपासू आणि मग हार्मोनची तांबी बसवू. आता तांबीने ब्लीडिंग वाढतं ना? मला पहिल्या बाळंतपणानंतर बसवली होती तेव्हा वाढलंच होतं! डोकं चालत नाहीये. कुणी यातून गेलंय का, आणि पिशवी काढायच्या आधी मधे काही पायरी असते का नाही?

गवतफूल: तुझी गल्लत होतेय गं, आणि माझीही झाली होती, कारण सगळे दोन्हीला तांबीच म्हणतात. तुला बसवली होती ती तांब्याची, तिने ब्लीडिंग वाढतं हे खरंय. ही वेगळी, हिच्यात तांबं नसतंच, लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, ५२ मिग्रॅ, आणि ते सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम असं झिरपत राहतं. ते आतल्या अस्तरावरच काम करतं, अस्तर पातळ राहतं, मग सांडायलाच काही उरत नाही. पण एक आधीच ऐकून ठेव, जे मला कुणी धड सांगितलं नव्हतं: पहिले तीन ते सहा महिने डाग पडत राहतात. मला पाच महिने जवळजवळ रोज. वैतागून काढायला गेले होते, डॉक्टर म्हणाल्या अजून एक महिना थांब, थांबले. आता तिसरं वर्ष, पॅड लागत नाही. हां, फायब्रॉइड आतल्या पोकळीत घुसत असेल तर ती निसटून पडू शकते, तेवढं तुझ्या सोनोग्राफीवरून विचारून घे.

काजवा: मी डॉक्टर नाही, औषधांच्या दुकानात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितोय. ताई, नॉरएथिस्टेरॉन थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त येतंच. गोळीने अस्तर धरून ठेवलेलं असतं, गोळी सुटली की ते गळतं. म्हणजे गोळी फेल गेली असं नाही, पण ती तात्पुरता बांध घालते, आणि दर वेळी तेवढ्याच छोट्या कोर्सवर थांबलात तर चक्र तसंच फिरत राहणार. हे तुम्हाला पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं.

ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड कुणी सुचवलं का? ते हार्मोन नाही. शरीर रक्ताची गुठळी बनवतं आणि स्वतःच विरघळवतं, हे औषध ते विरघळणं रोखतं. फक्त जास्त जाण्याच्या दिवसात घ्यायचं, सहसा १ ग्रॅम तीनदा, चार-पाच दिवस, आणि बऱ्याच जणींचं रक्त निम्म्याच्या आसपास कमी होतं. पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर नाही चालत, आणि हार्मोनच्या गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनाने तर अजिबात जोडू नका. (अवांतर: हे औषध १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने शोधलं, बाळंतपणानंतर बायका रक्तस्रावाने मरू नयेत म्हणून.) पोटात दुखत असेल तर मेफेनॅमिक अॅसिडनेही रक्त थोडं कमी होतं.

रातराणी: पिशवी काढणं म्हणजे काहीतरी भयंकर असं चित्र नका उभं करू, मी काढलीय आणि मला एक दिवसही पश्चात्ताप नाही. पण माझं अॅडिनोमायोसिस होतं (अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत वाढतं ते), गोळ्या झाल्या, हार्मोनवाली तांबी झाली, सगळं करून मग काढली. सहा आठवडे जड उचलायचं नाही हे काटेकोर पाळलं. अंडाशय ठेवले. हे नक्की विचारा, पिशवीबरोबर अंडाशयही काढणार का? दोन्ही काढले तर मेनोपॉज त्याच दिवशी सुरू. आणि तुमचा फायब्रॉइड एवढासा आहे, एवढ्यावर थेट ऑपरेशन मलाही घाईचं वाटतंय. मधली पायरी म्हणून अस्तर जाळतात तेही असतं, मूल नको असेल तरच. पण त्यानंतरही गर्भनिरोधक लागतं, हे लोक विसरतात.

ओलीमाती: सगळे रक्त थांबवायचं बोलताय, ८.२ कुणी भरून काढायचं? लोह चालू आहे का? फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) केलंय का? माझं हिमोग्लोबिन वर आलं म्हणून मी लोह सोडलं आणि फेरिटिन तळालाच होतं, चार महिन्यात परत खाली. रोज गोळीने पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते का ते विचार, तशीही नीट शोषली जाते, आणि चहाबरोबर नको. तेही झेपलं नाही तर शिरेतून देतात. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. अजून एक, वयात आल्यापासूनच जास्त जायचं का? दात काढल्यावर रक्त थांबत नाही असं काही? मग रक्त गोठण्याची तपासणी पण सांगतात.

आणि सलग दोन तास तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर, छातीत धडधड, तर इथे टाईप करत बसू नकोस, सरळ इमर्जन्सी.

धागाकर्ती: सगळ्यांना मनापासून थँक्यू. ओलीमाती, नाही गं, आधी कधीच जास्त जायचं नाही, हे दोन वर्षातलंच. लोह चालू होतं पण पोट बिघडलं म्हणून मीच बंद केलं होतं, डॉक्टरांना सांगितलंसुद्धा नाही, आता सांगते. फेरिटिनचं कुणी बोललंच नव्हतं. काजवा, थांबवल्यावर येणारच हे कळलं आणि अर्धा राग तिथेच गेला, म्हणजे राग आहेच पण आता कशाचा ते माहितीये. दुसऱ्या डॉक्टरांकडे गुरुवारी जातेय, तुकडा तपासायला. ते फार दुखतं का? एकटी जाऊन येऊ शकते का?

गवतफूल: पाचेक मिनिटं. पाळीत कळ येते तशी जोरात येते आणि जाते, मला तरी तेवढंच झालं. तासभर आधी पेनकिलर घ्यायची का ते फोन करून विचार. तुझं हिमोग्लोबिन बघता कुणाला तरी बरोबर ने, उठताना चक्कर येऊ शकते. आणि पॅड घेऊन जा, नंतर थोडं जातं.

धागाकर्ती: पॅड तर माझ्या प्रत्येक पर्समध्ये आहेत गं 😅 बहिणीला नेते. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.