मंडळात ‘घटश्राद्ध’ दाखवावा का?

काका, सा. न.
पुढच्या महिन्यात मंडळात सिनेमा दाखवायचाय. मी ‘घटश्राद्ध’ सुचवला, तर दोघा-तिघांचं म्हणणं पडलं, मराठी मंडळात कन्नड सिनेमा कशाला? तोही कृष्णधवल, रडका. तुम्ही बेळगावचे, तुम्हीच सांगा. मंडळाच्या ईमेल-लिस्टवरच लिहा, म्हणजे सगळे वाचतील.
– तुमची भाची

बाळ, आणि मंडळातल्या सर्वांना नमस्कार.
सीमाप्रश्नावर मी कुठे उभा आहे, ते घरच्यांना ठाऊक आहे. पण टिळकवाडीत आमचा शेजार कन्नड. हा सिनेमा मी त्यांच्यात बसून, पडद्यावरच्या भाषांतराच्या खालच्या ओळी न वाचता पाहिला.

१९७७ चा, गिरीश कासरवल्लींचा पहिलाच सिनेमा. कथा यू. आर. अनंतमूर्तींची, संगीत बी. व्ही. कारंतांचं. सुवर्णकमळ मिळालं. आणि दिग्दर्शक शिकला कुठे? पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये!

रडका मात्र म्हणू नका. वेदपाठशाळा चालवणाऱ्या उडुपांची तरुण विधवा मुलगी यमुनाक्का, तिला दिवस जातात. हे सगळं आपण बघतो ते नाणीच्या डोळ्यांनी. नाणी म्हणजे घर सोडून शिकायला आलेलं लहान पोर. त्याला माया लावली ती तिनंच. काय चाललंय ते त्याला पुरतं उमगत नाही, पण अक्कावर काहीतरी संकट आलंय एवढं कळतं, आणि तो तिची पाठ सोडत नाही. त्यामुळे कुणाला भाषण ठोकावं लागत नाही.

शेवटी बाप जिवंत मुलीचं श्राद्ध घालतो, घट फोडतो. तिचं केशवपन होतं. आणि त्याच म्हाताऱ्या बापाचं कोवळ्या मुलीशी लग्न ठरतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही! मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथे.

केशवपन, आलवण (विधवेचं लाल लुगडं) आपल्या घरांतही होतंच की. बेळगावातल्या शहापुरातल्या वाड्यांतल्या अशा बायकांबद्दल माझी आजी सांगायची. मग हा सिनेमा परका कसा?

२०२४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात याची दुरुस्त केलेली प्रत दाखवली होती. मिळाली तर तीच लावा.
– काका

काका,
काल विरोध करणाऱ्या काकूंचा फोन आला, येते म्हणाल्या. पण ज्येष्ठांना इंग्रजी ओळी भरभर वाचणं जमत नाही. संवादांचं मराठी करून द्याल?
– भाची

देतो. इंग्रजी ओळींची फाइल पाठव, कन्नड मी ऐकून ताडून बघतो. आठवडाभर लागेल, तारीख त्या हिशेबानं धरा.
– काका