बाबांच्या अभंगावर कंपनीचा दावा : यंत्रानं बोट दाखवायचं आणि आपण निर्दोष असल्याचं आपणच सिद्ध करायचं, हे बरोबर आहे का?

पंचवटीकर

माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. पंचवटीत आमच्या गल्लीतल्या मंदिरात दर गुरुवारी रात्री भजनी मंडळ बसतं. पेटी, पखवाज आणि टाळांच्या आठ-दहा जोड्या, एवढाच पसारा. सहा वर्षांपासून मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून एका व्हिडिओ साइटवर टाकतो. आतापर्यंत २१२ व्हिडिओ झालेत. ऐकणारे मोजकेच, गावाकडचे नातेवाईक आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुलं. पण त्यातले चार आवाज आज या जगात नाहीत. आमचे पखवाजवाले काका कोरोनात गेले. त्यांची मुलगी अजून दर एकादशीला त्यांचा एकच व्हिडिओ लावून बसते.

मागच्या महिन्यात बाबांनी गायलेल्या तुकोबांच्या अभंगावर, आवाज आपोआप जुळवून बघणाऱ्या यंत्रामार्फत, एका संगीत कंपनीचा दावा आला. '१:५२ ते ३:४० हा भाग आमच्या ध्वनिमुद्रणाशी जुळतो.' त्या दिवसापासून अभंग सुरू होण्याआधी झटपट कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात लागते आणि तिचे पैसे त्या कंपनीला जातात. आम्ही आजवर एकाही व्हिडिओवर जाहिरात लावलेली नाही. बाबांनी ते स्वतः बघितलं आणि मला विचारलं, "आपण देवापुढं म्हटलं होतं. त्यांना विकलं कोणी?"

आक्षेप घ्यायची सोय आहे. पण फॉर्म उघडला की पहिल्यांदा कशावर खूण करायची, तर 'खोटा आक्षेप घेतल्यास माझं खातं बंद होऊ शकतं हे मला मान्य आहे' यावर. मग उत्तर द्यायला कंपनीला ३० दिवस. आणि निवाडा कोण करणार? दावा करणारी कंपनीच. तिनं नाही म्हटलं की अपील. अपील केलं की तिनं एकतर दावा सोडायचा, नाहीतर व्हिडिओ काढायला लावायचा. काढला की स्ट्राइक, म्हणजे खात्यावर ठपका. ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक झाले की सगळा चॅनल जातो, म्हणजे २१२ व्हिडिओ आणि त्यातले ते चार आवाजही.

मी कॉपीराइटच्या विरोधात नाही. पण तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं झाली. माझं म्हणणं एवढंच आहे की दावा ठोकण्याआधी एका तरी माणसानं तो कानानं ऐकावा, आणि दावा खोटा निघाला तर करणाऱ्यालाही काही भोगावं लागावं. आज खोट्या दाव्याची किंमत शून्य आहे.

सूरपेटी_नाशिकरोड

काका, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण मी पूर्ण दुसऱ्या बाजूला उभा आहे.

नाशिकरोडला माझा छोटा स्टुडिओ आहे. तीन वर्षांपूर्वी एका मंडळासाठी गणपतीचं गाणं केलं. शब्द मित्राचे, चाल माझी, कोरसला चार मुली, ढोल खरे वाजवून घेतले. खर्च घरातून केला. गाणं बाहेर पडल्यावर आठवडाभरात ते तीसएक चॅनलवर दिसलं. एकानं तर माझा स्वर थोडा चढवला आणि वर स्वतःचा लोगो लावला. त्याच्या व्हिडिओला माझ्यापेक्षा दहापट लोक. मी प्रत्येकासाठी वेगळा फॉर्म भरत बसलो. नाव, पत्ता, मूळ लिंक, चोरीची लिंक, शपथ. एक काढला की दोन उगवायचे. गणपती उठले तरी माझे फॉर्म संपले नव्हते.

ज्या यंत्राला तुम्ही शिव्या देताय ते मला मिळतच नाही. ते फक्त मोठा साठा असलेल्या कंपन्यांना देतात. यंत्र काढा असं कोणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण मग माझ्यासारख्यांच्या हातात फक्त फॉर्म उरतील. मला ते यंत्र हवंय.

दुसरं, जे कुणी बोलत नाही ते. अभंग तुकोबांचा, हे खरं. पण चाल कुणाची? शब्द मोकळे झाले म्हणून चाल मोकळी होत नाही. संगीतकार श्रीनिवास खळे २०११ साली गेले. कायद्यानं हक्क हयात अधिक ६० वर्षं, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत चालतो. घरोघरी 'पारंपरिक' म्हणून गायल्या जाणाऱ्या कितीतरी चाली मुळात कुठल्या तरी संगीतकारानं रात्री जागून बांधलेल्या आहेत. त्यानं जन्मभर केलेलं काम 'देवाचं आहे' म्हणून फुकट घ्यायचं का?

ढोलवाला_मेनरोड

स्टुडिओवाले दादा, तुमचं दुःख कळतं. पण आमचंही ऐका. विसर्जन मिरवणुकीत आम्ही वाजवत असताना मागच्या मंडळाच्या डीजेचं गाणं वीस सेकंद आलं आणि पंचवीस मिनिटांचं आमचं वादन जगात दिसेना. लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला परवाना लागत नाही, कायद्यातच तशी सूट आहे आणि २०२३ मध्ये केंद्रानं पुन्हा नोटीस काढून ते सांगितलं. पण वरातीचा व्हिडिओ टाकला की आवाज बंद. यंत्राला वरात कळत नाही.

अंबडचा_कोडर

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून आकड्यांत बोलतो. यूट्यूबचं उदाहरण घेतो, कारण त्यांनी आपले आकडे उघड केलेत. तिथं मिनिटाला ५०० तासांहून अधिक व्हिडिओ चढतात. ते ऐकायला माणसं बसवायची म्हटलं तर आठ-आठ तासांच्या पाळ्यांत नव्वद हजारांवर माणसं लागतील. २००७ पासून त्यांची आपोआप जुळणी करणारी यंत्रणा चालू आहे. २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत तिनं ७२ कोटींहून जास्त दावे केले आणि त्यातल्या १ टक्क्याहून कमी दाव्यांवर आक्षेप आले. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णवांना दावा मान्य होता. एका अभंगासाठी एवढी व्यवस्था मोडीत काढा म्हणणं मला पटत नाही.

पंचवटीकर

कोडर साहेब, त्याच अहवालातलं पुढचं वाक्य तुम्ही सोडलंत. ज्यांनी आक्षेप घेतला त्यांच्यापैकी ६० टक्के जिंकले.

भांडायला उभ्या राहिलेल्या दर दहा माणसांतली सहा निर्दोष निघतात, आणि जे उभे राहिले नाहीत ते सगळे दोषी होते असं तुम्ही धरून चालता? मी स्वतः महिना झाला तरी आक्षेप घेतलेला नाही. तुमच्या हिशोबात मीसुद्धा 'मान्य'वाला आहे. मला मान्य नाही, मी घाबरलोय. २१२ व्हिडिओ पणाला लावून एका व्हिडिओसाठी कोण लढेल?

आणि मोडीत काढा असं मी कुठं म्हटलं? सगळं ऐका असंही आता म्हणत नाही. ज्यावर आक्षेप आला तेवढंच ऐका, आणि ऐकणारा दावा करणाऱ्याचा माणूस नसावा. १ टक्कासुद्धा नाही ना? मग माणसं पुरतील.

काळाकोट_सीबीएस

वकिली करतो, थोडं कायद्याचं सांगतो, कारण दोन गोष्टींची इथं गल्लत होतेय.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली आणि २०१३ च्या नियमांत अशी सोय आहे की मालकानं रीतसर लेखी तक्रार दिली तर साइटनं ३६ तासांत मजकूर खाली घ्यायचा. पण २१ दिवसांत मालकानं कोर्टाचा हुकूम आणला नाही तर साइट तो परत लावू शकते. म्हणजे आरोप केलास तर कोर्टाची पायरी चढ, हे ओझं आपल्या कायद्यानं आरोप करणाऱ्यावर टाकलंय. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातही मजकूर टाकणाऱ्यानं उलट नोटीस दिल्यावर दावेदार १० ते १४ कामाच्या दिवसांत कोर्टात गेला नाही तर मजकूर परत लावायचा असतो.

पंचवटीकरांवर आलेला दावा या दोन्हीत बसत नाही. ती कायदेशीर नोटीसच नाही. खातं उघडताना आपण जो करार न वाचता मान्य करतो, त्यातली ती अंतर्गत व्यवस्था आहे. कायद्यानं दिलेलं संरक्षण कंपनीनं करारातून वळसा घालून टाळलं, खरी मेख इथं आहे.

हातात काय आहे? कलम ६०. कोणी कॉपीराइटच्या नावाखाली विनाकारण कारवाईच्या धमक्या देत असेल तर आपणच जिल्हा न्यायालयात जाऊन मनाई आणि भरपाई मागू शकतो. पण भजनी मंडळाला मी ते आज सुचवणार नाही, वेळ आणि पैसा दोन्ही जातात. आधी साइटच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार त्यानं २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो. समाधान नाही झालं तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. ही सोय २०२३ पासून आहे, पण फार थोड्यांना ठाऊक आहे.

बाईंचा_वर्ग

मी शिक्षिका आहे. माझा अनुभव गाण्याचा नाही, पुस्तकाचा आहे, पण दुखणं तेच.

साने गुरुजींनी १९३३ साली 'श्यामची आई' आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०१० अखेर हक्क संपला आणि १ जानेवारी २०११ पासून पुस्तक सगळ्यांचं झालं. माझ्या वर्गातली दोन मुलं नीट बघू शकत नाहीत. त्यांच्यासाठी मी मोठ्या टायपातली प्रत बनवून एका ई-पुस्तकांच्या दुकानात फुकट ठेवायला गेले. उत्तर आलं, 'हक्काचा पुरावा जोडा.' मी गुरुजींच्या निधनाची तारीख कळवली, कायद्याचं कलम कळवलं. परत तेच उत्तर, शब्द न शब्द तोच. चौथ्यांदा मी विचारलं, जे कुणाचंच नाही त्याचा पुरावा कुणाकडून आणू? उत्तर आलं नाही. शेवटी झेरॉक्सवर मोठ्या करून पानं शिवली.

मालकी सिद्ध करायला त्यांच्याकडे दहा रकाने आहेत. 'हे आता सगळ्यांचं आहे' असं लिहायला एकही नाही.

सूरपेटी_नाशिकरोड

बाई, तुमचं शंभर टक्के पटलं. त्यावर माझं भांडणच नाही.

पण पंचवटीकर काका, खोट्या दाव्याला दंड हवा हे मात्र मला नको. दंड लागला तर मोठी कंपनी तो चहापाण्याच्या खर्चात धरेल. मरणार मी. माझ्या गाण्याचा स्वर चढवलेला व्हिडिओ दिसला तर 'हे नक्की माझंच आहे ना, चुकलो तर?' या धास्तीनं मी फॉर्मच भरणार नाही. आज जसे तुम्ही घाबरलात तसा उद्या मी घाबरेन.

आणि चालीचं उत्तर तुम्ही अजून दिलं नाहीत.

पंचवटीकर

चालीचं उत्तर द्यायला मला बाबांनाच विचारावं लागलं. ते म्हणाले, निफाडकडच्या एका बुवांकडून ते लहानपणी शिकले, घरात रेडिओ यायच्या आधी. त्या बुवांना कुणी शिकवलं ते त्यांना माहीत नाही. यापेक्षा जास्त पुरावा माझ्याकडे नाही, कागद तर नाहीच.

दंडाबद्दल तुमचं म्हणणं मनात घोळतंय. एक-दोन चुकांना दंड नको, हे मान्य. पण जी कंपनी महिन्याला लाखो दावे सोडते आणि हरते, तिची यंत्र वापरायची मुभा काही काळ काढून घ्या की. तीन चुकांत आमचा चॅनल जातो, मग त्यांनाही चुकांची काही मर्यादा असू दे. २०२७ च्या सिंहस्थात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीकाठी, रात्रंदिवस भजनं होतील आणि हजारो लोक ती टाकतील. तेव्हा काय होणार आहे ते मला आत्ताच दिसतंय.

सूरपेटी_नाशिकरोड

मुभा काढून घ्यायची कल्पना दंडापेक्षा बरी. त्यावर विचार करेन.

काका, तुमची हरकत नसेल तर मूळ रेकॉर्डिंग घेऊन या रविवारी स्टुडिओत या. कंपनीचं गाणं आणि बाबांचं, दोन्ही शेजारी लावून ऐकू. चाल उचललेली असेल तर मी तसं तोंडावर सांगेन.

पंचवटीकर

येतो. बाबाही येतायत.

सूरपेटी_नाशिकरोड

ऐकलं. तीन वेळा ऐकलं, बाबा शेजारीच बसले होते.

चाल वेगळी आहे. कंपनीच्या गाण्यात धृपद वरच्या सप्तकात जातं, बाबा खालीच राहतात, आणि ठेकाही वेगळा आहे. मग जुळलं काय? १:५२ ला बाबा पाणी प्यायला थांबलेत. मंडळी हळू आवाजात नामगजर करतायत आणि वर ऐकू येतो तो मोबाइलमधल्या तानपुरा ॲपचा आवाज. तोच नमुना त्या कंपनीच्या गाण्याच्या सुरुवातीला आहे. दोघांनी एकच तयार तानपुरा वापरलाय. पुढं ३:४० पर्यंत तो जिथं जिथं मोकळा पडतो तिथं यंत्रानं पकडलंय. मी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून बघितले, स्वराची पट्टीसुद्धा एकच, काळी एक.

हे कळायला मला वीस मिनिटं लागली. कानाला थोडी सवय असलेल्या कुणालाही कळलं असतं.

यंत्र हवं हे माझं मत बदललेलं नाही. पण आक्षेप आल्यावर कंपनीबाहेरच्या माणसानं ऐकावं, ही तुमची मागणी मी आजपासून माझी धरतो. आक्षेपाच्या फॉर्मसाठी मिनिट-सेकंदांसह टिपण लिहून दिलंय.

पंचवटीकर

टिपण जोडून काल रात्री आक्षेप पाठवला. तक्रार अधिकाऱ्यालाही वकील साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं. ३० दिवस मोजतोय.

या गुरुवारपासून ॲप बंद ठेवलंय. सूरपेटीवाल्यांनी त्यांचा जुना लाकडी तानपुरा मंडळाला वापरायला दिलाय, आणि पखवाजवाल्या काकांची मुलगी तो छेडायला शिकतेय.