सूड म्हणून केलेला अभ्यास ही प्रगती म्हणायची का?

कॉट नंबर ३
मार्च २०२१. एमपीएससीची (राज्य लोकसेवा आयोग) पूर्व परीक्षा तीन दिवसांवर असताना आयोगाने ती पुढे ढकलली आणि पोरं पुण्यात शास्त्री रोडवर उतरली. त्या गर्दीत तिची ओळख झाली. साडेतीन वर्षं टिकलं, मग संपलं. तेव्हापासून रूमवरचा प्रत्येक जण एकच सांगतो, "अधिकाऱ्याची पोस्ट काढ, तिला दाखवून दे."
मला हे पटत नाही. उद्या यादीत नाव आलं नाही तर नापाससुद्धा मी तिच्यासमोरच होणार. मग हा अभ्यास माझा कसला?
त्यात पॉलिटीच्या (राज्यघटनेच्या) नोट्स तिच्या अक्षरातल्या. राजपत्रित अधिकारी झाल्यावर हिरव्या शाईने सही करायची, म्हणून सवय आत्तापासून! सगळी कलमं हिरव्या पेनने. ३५६ आलं की तिचा आवाज ऐकू येतो.

जिद्दी जालनेकर
भावा, एवढं छान उत्तर मेन्सला (मुख्य परीक्षेला) लिही.
मला २०१९ ला सोडलं. अभ्यासिकेचं शटर उघडायच्या आधी पहाटे बाहेर उभा असायचो, निव्वळ रागाने. २०२३ च्या भरतीत तलाठी झालो. राग कधी विरला कळलंसुद्धा नाही. दारात सातबाऱ्यासाठी माणसं उभी असताना कोण आठवत बसतं? गाडी धक्का मारून सुरू झाली काय नि किल्लीने काय, चालली ना?

गच्चीवरची तुळस
तिने का सोडलं, हे कुणीच विचारलं नाही.
खुल्या गटाची वयोमर्यादा ३८. मुलगे ती पुरती वापरतात. माझी वयोमर्यादा बाबांनी ठरवली होती, २६. दुसऱ्या मेन्सनंतर फोन आला, रविवारी पाहुणे येतायत. मी त्याला म्हटलं, एकदा घरी येऊन बोल. तो म्हणाला, "पोस्ट नसताना कुठल्या तोंडाने येऊ?" मग मी सोडलं. मी थांबले नाही, असं तो अजून मित्रांना सांगतो. पाहुण्यांनाही मी नकारच दिला, हे त्याला माहीत नाही.

जिद्दी जालनेकर
ताई, खरं सांगा, रिकाम्या हाताने आलेल्या पोराला तुमच्या बाबांनी चहा तरी विचारला असता का?

गच्चीवरची तुळस
नसता विचारला. पण तो आलाय, एवढं मी आतून ऐकलं असतं.

मेसचा डबा
सगळेच भावुक झालात. एका खोलीत चार कॉट, दिवसभर अभ्यासिकेत तोंड बंद. टपरीवर जी दोन शब्द नीट बोलेल ती आवडणारच. पेठेत प्रेमापेक्षा एकटेपणाच जास्त.
नोट्सची झेरॉक्स काढ, मूळ वही परत दे आणि मेस बदल. (मेसचं गंमतीत घेऊ नकोस. वाढपी काकांनी "आज मॅडम नाहीत का?" विचारलं की आठवडा वाया जातो.)

कॉट नंबर ३
तुळस, मीही तिला हेच म्हणालो होतो. "कुठल्या तोंडाने." शब्दसुद्धा हेच. वर लिहिताना ते गाळलं.
जालनेकर, तुमचं अजून पटत नाही. पोस्ट मिळाली म्हणून तुमचा राग शहाणा ठरला. आमच्या रूमवर एक जण तोच राग घेऊन सहाव्या अटेम्प्टला बसलाय, त्याला कुणी भाषणाला बोलावत नाही.
झेरॉक्स काढून आलो. दुकानदाराने विचारलं, कलर की साधी? साधी काढली. हिरवं सगळं काळं आलंय. वाचायला स्पष्ट आहे.

मेसचा डबा
आणि वही?

कॉट नंबर ३
बॅगेत आहे. कुरिअर करावी की सांगलीला जाऊन हातात द्यावी, यावर रूमवर वेगळाच वाद चालू आहे.