रेसचे बोनस ठेवू की हलवू? रविवारच्या टेबलासाठी सल्ला पाहिजे

रंकाळा_डीएम

मंडळी, राजारामपुरीत आमच्या माडीवर दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे कॅरेक्टर घेऊन फाशांवर खेळायची गोष्ट, सुरू कराय लागलोय. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच, पहिल्यांदाच. खेळणारे पाच: कॉलेजचे दोन मित्र, मावसबहीण, तिची मैत्रीण आणि आठवीतला भाचा. पुस्तक एकच, २०१४ चं प्लेअर्स हँडबुक, तेही सेकंडहँड, पहिली चार पानं सुटलेली.

परवा कॅरेक्टर करायला बसलो आणि तासाभरात भांडण. प्रत्येक कॅरेक्टरला रेस म्हणजे वंश आणि क्लास म्हणजे पेशा असतो, आणि रेसप्रमाणे काही स्कोअरना बोनस मिळतो. बहिणीला हाफ-ऑर्क (दांडगा वंश) विझार्ड (जादूगार) पाहिजे. पुस्तकात हाफ-ऑर्कला स्ट्रेंथ (ताकद) +२ आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +१, विझार्डला तर लागते इंटेलिजन्स (बुद्धी). भाच्याचं उलटं. त्याला नोम (बुटका वंश) पैलवान करायचाय, म्हणजे बार्बेरियन, आणि नोमचे +२ जातात इंटेलिजन्सला. एक मित्र म्हणाला नियम म्हणजे नियम, विझार्ड पाहिजे तर हाय एल्फ घ्या. त्यावर बहीण म्हणाली, "शाहू महाराजांच्या गावात बसून जन्मावरनं अक्कल ठरवतोस व्हय रे?" तेवढ्यात खालनं चहा आला म्हणून निभावलं.

आता सांगा. आहे तसं खेळू? बोनस हलवू देऊ? की पैसे घालून २०२४ चं नवं पुस्तक घेऊ? स्कोअर आम्ही फासे टाकून काढत नाही, १५, १४, १३, १२, १०, ८ हेच वाटून घेतोय.

मोडका_डी२०

टाशा वापर आणि खेळायला लाग. विषय संपला.

रंकाळा_डीएम

टाशा म्हणजे काय तेवढं तरी सांग की भावा.

पांढरा_रस्सा

मी सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग आलं, त्यात हा ऐच्छिक नियम आहे. रेसचा बोनस जेवढा आहे तेवढाच राहतो, फक्त कुठल्या स्कोअरवर घालायचा ते खेळाडू ठरवतो. दोन बोनस एकाच ठिकाणी घालता येत नाहीत. एवढ्यासाठी पुस्तक विकत घ्यायची गरज नाही, नियम तुला आत्ता कळला.

पण आधी बोनस न हलवता काय बिघडतंय ते बघ. बहिणीची हाफ-ऑर्क पुस्तकाप्रमाणे केली तर इंटेलिजन्स १५, डेक्स (चपळाई) १४, कॉन म्हणजे कॉन्स्टिट्यूशन १३ अधिक १ म्हणजे १४. स्ट्रेंथला ठेवलेल्या ८ चे १० होतात, ते विझार्डला काही कामाचे नाहीत. बोनस हलवला तर इंटेलिजन्स १७, बाकी डेक्स-कॉन तेच. मॉडिफायर, म्हणजे स्कोअरवरनं फाशात मिळवायचा आकडा, +२ च्या जागी +३. सगळी मारामारी या एका आकड्याची.

गॉब्लिन या छोट्या शत्रूचा एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १५. पहिल्या लेव्हलला प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) +२ धरून फायर बोल्ट (आगीचा स्पेल) टाकली, तर एका विझार्डला वीस बाजूंच्या फाशावर ११ लागतात, दुसऱ्याला १०. शंभरात ५० की ५५. आमच्या टेबलावर विझार्ड एका बैठकीत दहा-बारा वेळा असला फासा टाकतो, म्हणजे दोन रविवारांतून एकदा फरक कळणार. त्यातून मॅजिक मिसाइल चुकतच नाही आणि २०१४ च्या स्लीपला इंटेलिजन्स लागतच नाही, पाच डी-आठ (आठ बाजूंचे फासे) टाकायचे आणि समोरच्यांचे हिट पॉइंट (जीव किती उरला तो आकडा) मोजत जायचं. हे दोन स्पेल घेतले तर कमी इंटेलिजन्सची विझार्ड पहिल्या दोन-तीन लेव्हली आरामात काढते.

खरा चिमटा दुसरीकडे बसतो. रोज किती स्पेल तयार ठेवायचे ते लेव्हल अधिक इंटेलिजन्स मॉडिफायर. एकीला ३, दुसरीला ४. आणि वाढीचा हिशोब बघ. १७ वाली चौथ्या लेव्हलला १९ आणि आठव्याला २० करते. १५ वाली २० ला पोचते बाराव्या लेव्हलला. तोवर तुझे कॉलेजचे मित्र नोकरीला पुण्याला गेलेले असतील.

माझा सल्ला: हलवू दे, पण डोळे उघडे ठेवून. माउंटन ड्वार्फला दोन ठिकाणी +२ मिळतात, वर मध्यम चिलखत घालायची मुभा. तो विझार्ड झाला की बाकीचे बघत बसतात. आणि साधा माणूस, ज्याला सगळीकडे +१ मिळतो, तो पार मागे पडतो.

जुनी_पानं

माझं मत विरुद्ध आहे, तरी ऐकून घ्या.

१९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये एल्फला डेक्स +१ आणि कॉन −१ होतं, ड्वार्फला कॉन +१ आणि करिष्मा (लोकांवरची छाप) −१. हाफ-ऑर्कची करिष्मा थेट −२. शिवाय बहुतेक क्लासमध्ये माणूस सोडून इतरांना अमुक लेव्हलच्या पुढं जाताच यायचं नाही. बाईच्या कॅरेक्टरची ताकद पुरुषापेक्षा कमी, हेही छापील होतं. ते कोणी परत आणा म्हणत नाही, मीही नाही. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत हाफ-ऑर्कला स्ट्रेंथ +२ आणि त्याबदली इंटेलिजन्स, करिष्मा दोन्ही −२. २००८ मध्ये वजाबाक्या गेल्या. २०१६ ला एका पुस्तकात ऑर्कला इंटेलिजन्स −२ पुन्हा आलं, २०२० मध्ये दुरुस्ती करून काढलं. म्हणजे हे चाळीसेक वर्षं मागेपुढे चाललंय, तुमच्या माडीवर सुरू झालेलं नाही.

पण वजाबाकी काढणं वेगळं आणि बेरीजसुद्धा सगळ्यांना सारखी करणं वेगळं. बुटका ड्वार्फ चिवट आणि एल्फ चपळ, हे आकड्यातनंच कळायचं. सगळ्यांना कुठंही +२ मिळायला लागले की ड्वार्फ म्हणजे दाढी लावलेला माणूस. शिवाय मला अडचणीचं कॅरेक्टर खेळायला आवडतं. मठ्ठ समजला जाणारा ऑर्क रात्रभर दिवा लावून अभ्यास करतो आणि तरी एक पाऊल मागे राहतो, यात गोष्ट आहे. आयता १७ दिलात तर ती गेली.

आर्या_टायफ्लिंग

काका, ती अडचण तुम्ही स्वतः होऊन घेताय म्हणून गोड लागते. त्या ताईला पहिल्याच दिवशी सक्तीनं दिली तर ती दुसऱ्या रविवारी येणार नाही.

शिरोळ_साइड

नव्या पुस्तकाला पैसे घालायच्या आधी हे वाच. २०२४ मध्ये रेस शब्द जाऊन स्पीशीज आला आणि बोनस गेले बॅकग्राउंडला, म्हणजे कॅरेक्टरच्या आधीच्या धंद्याला. प्रत्येक बॅकग्राउंडला तीन स्कोअर नेमून दिलेत, त्यात +२ आणि +१ करा किंवा तिन्हीकडे +१. ऐकायला झकास. पण फार्मर काढून बघ: स्ट्रेंथ, कॉन, विस्डम. इंटेलिजन्स नाहीच! सेज म्हणजे पंडिताला आहे, मर्चंट म्हणजे व्यापाऱ्याला आहे, नोबल म्हणजे सरदारालासुद्धा आहे. शेतकऱ्याच्या पोरानं विझार्ड व्हायचं नाही? आमच्या घरात ऊस लावून शिकलेले दोन इंजिनियर आहेत, त्यांना दाखवलं तर पुस्तक उसाच्या फडात नेऊन टाकतील. जन्माचा शिक्का काढला आणि धंद्याचा मारला, एवढंच झालंय.

नव्या डीएम गाइडमध्ये स्वतःचं बॅकग्राउंड तयार करायची सोय आहे, पण म्हणजे दुसरं पुस्तक आलं. आणि हाफ-ऑर्क नव्या हँडबुकात नाहीच, ऑर्क आहे.

मोडका_डी२०

फडात नेऊन टाकतील 😂 नाद खुळा

पाथफाइंडर_पन्हाळा

पाथफाइंडर या असल्याच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती बघा. तिथं वंशाचे बूस्ट म्हणजे बोनस, बॅकग्राउंडचे वेगळे, क्लासचा वेगळा, वर चार मोकळे. वंशाचे नको असतील तर त्याऐवजी दोन कुठंही घ्यायची मुभा नंतर दिलीय. नियम ऑनलाइन कायदेशीर फुकट आहेत.

रंकाळा_डीएम

भारी वाटतंय, पण पाच जणांना आत्ता कुठं फासे ओळखू येऊ लागलेत. डी-आठ आणि डी-दहामध्ये अजून गल्लत होते. दुसरा खेळ नको.

गंगावेस_वस्ताद

भाच्याच्या पैलवानाबद्दल कोणीच बोललं नाही. मी लहानपणी तालमीत जायचो, पैलवान झालो नाही तो भाग वेगळा. तिथं एक कळलं: दांडगी कुडी घेऊन आलेली पोरं पहिल्या महिन्यात पुढं असतात. पहाटे चारला उठून जोर-बैठका, आखाडा खणणं आणि खुराक सुरू झाला की बुटकं पोरगं त्याच दांडग्याचा पट काढतं. पहिल्या लेव्हलचा बार्बेरियन ही काही वर्षं माती खाल्लेलीच आसामी असते. त्याचा +२ त्याच्या तालमीचा, असं समज आणि दे स्ट्रेंथला.

आता कामाचं. नोमचं माप स्मॉल असतं. २०१४ च्या नियमात स्मॉल माणसानं ग्रेटअ‍ॅक्स उचलली तर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी तो धरायचा), आणि हे कुठलाही बोनस हलवून जात नाही. त्याला बॅटलअ‍ॅक्स दे, दोन्ही हातांनी धरली की डी-दहा. कुस्ती करायची असेल तर ग्रॅपल (पकड) आपल्यापेक्षा एक माप मोठ्यापर्यंतच घालता येतो, म्हणजे माणूस-ऑर्क चालतील, ओगर नाही. रेजमध्ये, म्हणजे बार्बेरियन चवताळला की, स्ट्रेंथच्या चेकला अ‍ॅडव्हान्टेज, त्यामुळे अ‍ॅथलेटिक्स घेतलं की पोरगं खरोखर कुस्ती मारणार. चाल मात्र २५ फूट, पळणाऱ्याला गाठायचा नाही.

आणि जुनी पानंवाल्यांना एक सांगणं. वंशाची चव त्या +२ मध्ये नव्हतीच. हाफ-ऑर्क शून्यावर पडला तरी दिवसातनं एकदा १ हिट पॉइंटवर उभा राहतो. हाफलिंगचा १ पडला की परत टाकतो. नोमला जादूविरुद्ध डोक्याचे तिन्ही सेव्ह (बचावाचे फासे) अ‍ॅडव्हान्टेजनं. हे कोणी हलवा म्हणत नाही.

जुनी_पानं

हे मान्य. ड्वार्फच्या दाढीबद्दलचं मागं घेत नाही.

पांढरा_रस्सा

@रंकाळा_डीएम, एक राहिलं. पाच जणांत एक पुस्तक फिरवू नका. २०१४ च्या नियमांचा मूळ गाभा, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सवर फुकट आहे. हाफ-ऑर्क, रॉक नोम, विझार्ड, बार्बेरियन सगळं आहे त्यात. प्रत्येकाच्या मोबाइलवर टाक.

रंकाळा_डीएम

काल पहिली बैठक झाली. पुस्तक घेतलं नाही, बोनस हलवू दिले. माउंटन ड्वार्फ कोणी मागितलाच नाही. नियमवाला मित्र हट्टानं पुस्तकातला एल्फ जसाच्या तसा घेऊन बसला.

भाच्यानं बॅटलअ‍ॅक्स बाजूला ठेवली आणि पहिल्याच गॉब्लिनला ग्रॅपल घालून पाडला, खालनं आजी विचारायला वर आली काय झालं म्हणून. बहिणीनं वस्तादांसारखंच सांगितलं, तिची ऑर्कीण एका देवळातल्या ग्रंथांवर वाढलीय, म्हणून १७. मग तिनं स्लीप टाकली. पाच डी-आठ, आले २४. सात-सातचे दोन गॉब्लिन आडवे झाले, उरले दहा, आणि शेजारीच उभ्या आपल्याच क्लेरिकचे (पुजारणीचे) नेमके दहा हिट पॉइंट. क्लेरिक झोपली. एल्फही त्याच घेऱ्यात होता, पण एल्फला जादूनं झोप लागत नाही, हे त्यानं पान काढून सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं.

पुढच्या रविवारी मिसळ त्याच्याकडनं आहे.